जुन्या आरपीजीचा रिमेक खेळलो, पण मूळ गेम असाच होता का?

निळा_स्लाइम

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

ड्रॅगन क्वेस्ट ३ या आरपीजीचा (म्हणजे पात्रं वाढवत कथा पुढे न्यायचा गेम) एचडी-२डी रिमेक, म्हणजे जुनी सपाट चित्रं त्रिमितीतल्या देखाव्यात बसवलेली नवी आवृत्ती, नुकताच संपवला. मूळ गेम १९८८ चा, फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरचा, तो मी कधी बघितलेलासुद्धा नाही, माझ्यासाठी हा २०२४ चा रिमेकच पहिला. आणि आवडला म्हणजे प्रचंडच आवडला, रात्र झाली की गावातल्या खिडक्यांमधून पडणारा उजेड, ऑर्केस्ट्राने वाजवलेलं संगीत, चित्रकार तोरियामांनी काढलेले ते राक्षस आता हलताना दिसतात, सगळंच भारी. पण अर्धाअधिक गेम झाल्यावर जाणवलं की मला कशाचीच धास्ती वाटत नाहीये. हरलो तर तीच लढाई पुन्हा सुरू करता येते, गेम आपला आपण सेव्ह होत राहतो, पुढे कुठे जायचं त्याची मॅपवर खूण असतेच. आणि ज्यांनी त्या काळी खेळलाय ते लोक सांगतात की एकेक गुहा म्हणजे जीव मुठीत धरून जायचं प्रकरण होतं. मग मी जो खेळलो तो तोच गेम आहे का, का त्याच नावाचा आणि त्याच कथेचा दुसरा कुठला?

आता यादीत आहेत फायनल फॅन्टसी ६ चा पिक्सेल रीमास्टर, फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स, पर्सोना ३ रीलोड आणि सुपर मारिओ आरपीजी. यातलं मूळ एकही खेळलेलो नाही आणि जुनं कन्सोल मिळवून खेळणं मला शक्य नाही. तर जाणकारांना विचारायचंय की यातला कुठला रिमेक मूळ गेमशी खरंच इमान राखून आहे, आणि त्या काळचा अनुभव जवळपास यावा म्हणून कुठल्या सेटिंग चालू-बंद करून खेळू? कथेतलं काही फोडू नका प्लीज.

तळघर

चांगला धागा. ड्रॅगन क्वेस्ट ३ वरच बोलतो कारण तुझा तो संपलाय, कथा फुटायची भीती नाही, आणि माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा गेम तोच आहे.

पिरॅमिड आठवतोय ना, जादूची किल्ली मिळते तो? तो १९८८ मध्ये कसा होता ते सांगतो. फॅमिकॉमवर प्रत्येक पात्राकडे फक्त ८ वस्तू राहायच्या आणि अंगावर घातलेलं सामानसुद्धा त्या ८ मध्येच मोजलं जायचं. म्हणजे तुझ्या योद्ध्याकडे तलवार, चिलखत, ढाल, शिरस्त्राण असलं की उरल्या ४ जागा, त्यात औषधी पाला ठेवणार, विषावरचा उतारा ठेवणार, का वाटेत सापडलेलं हत्यार उचलणार. अशा अवस्थेत तू पिरॅमिडमध्ये शिरतोस, जमिनीत खड्डे आहेत, एका खड्ड्यातून थेट तळघरात पडतोस आणि तिथे जादूच चालत नाही. एमपी (जादू वापरायची शक्ती) भरलेला आहे, पुजारी शेजारी उभा आहे, बरं करायचा मंत्र त्याला येतो, पण उपयोग शून्य. आता खिशात पाल्याची किती पानं आहेत एवढाच प्रश्न, आणि ती किती आणायची हे तू गावातून निघताना ठरवलेलं असतं. बाहेर पडायला जमलं नाही तर निम्मं सोनं गेलं, मेलेल्या साथीदाराला जिवंत करायला चर्चमध्ये पैसे मोजा, आणि शेवटचा सेव्ह कुठला तर राजाकडे जाऊन केलेला. बॅटरीवर सेव्ह होणारा मालिकेतला हा पहिलाच गेम होता, त्याआधी १ आणि २ ला हिरागानातला लांबलचक पासवर्ड कागदावर उतरवून ठेवायचा, त्यामानाने ३ मध्ये बरीच चैन होती म्हणायची.

आता रिमेकमध्ये पिरॅमिड तोच आहे, खड्डे आहेत, पोरांच्या गाण्यातून दाराच्या बटणांचा क्रम ओळखायचं कोडंसुद्धा आहे. पण तुझ्यासोबत एक पिशवी आहे जिच्यात वाट्टेल तेवढं सामान मावतं. लढाई संपली की पिशवीतून पाला काढ आणि खा. एवढ्या एका पिशवीने त्या जागेचा जीवच काढून घेतला, एक वीट न हलवता.

पण खरी गंमत पुढे आहे. ही पिशवी काही २०२४ च्या रिमेकने आणलेली नाही. १९९६ मध्ये सुपर फॅमिकॉमवर ड्रॅगन क्वेस्ट ३ परत काढला तेव्हाच ती आली, चोराचा व्यवसाय (म्हणजे पात्राचा प्रकार) तेव्हाच आला, प्रत्येक पात्राचा स्वभाव वगैरे प्रकारही तेव्हाचाच. एचडी-२डी वाल्यांनी या १९९६ च्या गेमवर आपलं घर बांधलंय आणि वर राक्षस पाळणारा व्यवसाय घातलाय, जो हाताशी असेल तर निम्मे बॉस, म्हणजे मोठे शत्रू, लोळतात. म्हणजे इमान राखलंय पण ते मधल्या आवृत्तीशी. कुठलाही रिमेक बघताना मी हे आधी बघतो की बनवणाऱ्यांनी समोर नक्की कुठली आवृत्ती ठेवली होती, कारण या गेमांच्या तीन तीन चार चार आवृत्त्या असतात आणि प्रत्येकाच्या लहानपणीची वेगळी.

सेटिंगचं विचारलंस तर परत खेळशील तेव्हा ड्रॅकोनियन क्वेस्ट या अवघड पातळीवर खेळ, तिथे शत्रू तगडे आणि एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) नि सोनं कमी मिळतं. खुणा सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. राक्षस पाळणारा पार्टीत (आपल्या चमूत) घेऊच नको. हरल्यावर लढाई परत सुरू करायचा पर्याय येईल तो घेऊ नको, मागे जा. आणि प्रत्येकाकडे ८ च वस्तू ठेवायच्या, पिशवी गावाबाहेर उघडायची नाही असा नियम स्वतःला घाल. यातलं शेवटचं तुला कुणी सांगणार नाही पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

कॅसेटवाली

तळघर +१, पिशवीचा मुद्दा एकदम पटला.

फायनल फॅन्टसीबद्दल मी सांगते. पिक्सेल रीमास्टर १ ते ६ सगळे खेळलेत, आणि माझं मत असं की सध्या मिळणाऱ्या जुन्या आरपीजींमध्ये सगळ्यात प्रामाणिक काम यांनी केलंय, पण ६ पेक्षा १ मध्ये ते जास्त दिसतं म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते. मूळ १९८७ च्या गेममध्ये एमपी नव्हताच, प्रत्येक पातळीच्या जादूचे मोजके वापर असायचे, म्हणजे तिसऱ्या पातळीचे मंत्र इतक्या वेळा, चौथ्या पातळीचे इतक्या वेळा, संपले की विश्रांती घेईपर्यंत संपले. मग २००४ ला गेमबॉय अॅडव्हान्सवर जी आवृत्ती आली तिच्यात हे काढून सरळ एमपी टाकला, आणि त्यामुळे गेम इतका सोपा झाला की काळा जादूगार प्रत्येक लढाईत आग ओकत सुटायचा आणि गुहा म्हणजे फिरायला जायची जागा झाली. पिक्सेल रीमास्टरने एमपी काढून तो जुना मोजक्या वापरांचा हिशोब परत आणला. नवीन आवृत्तीने मधल्या आवृत्तीची सोय काढून घ्यायची याला धाडस लागतं, लोक ओरडणार हे माहीत असतं.

पण त्यांनी सगळंच काही जसंच्या तसं ठेवलं नाही. मूळ गेममध्ये तू ज्या राक्षसावर वार करायला सांगितलास तो आधीच मेला तर वार हवेत जायचा, पुढचा राक्षस आपोआप निवडला जायचा नाही. आता निवडला जातो. आणि काही गोष्टी मुळातच बिघडलेल्या होत्या, म्हणजे बुद्धी हा आकडा दिसायचा पण जादूवर त्याचा परिणामच होत नव्हता, ताकद वाढवणारा एक मंत्र होता तो टाकला तरी काही वाढायचं नाही. ६ मध्येसुद्धा १९९४ च्या गेममध्ये वार चुकवण्याचा जो आकडा होता तो काम करत नव्हता, त्याच्या जागी जादू चुकवण्याचा आकडाच सगळीकडे वापरला जायचा. या चुका दुरुस्त झाल्यात आणि त्या दुरुस्त व्हायलाच हव्या होत्या, बनवणाऱ्यांच्या मनात जो गेम होता तो तरी एकदा खेळायला मिळू दे.

निळा_स्लाइम, ६ बिनधास्त घे. कन्सोलवर एप्रिल २०२३ ला आला तेव्हा आधीच्या पीसी आवृत्तीवरच्या तक्रारी ऐकून त्यांनी ठोकळ्या-ठोकळ्यांची जुन्या वळणाची अक्षरं निवडायची सोय दिली, ती पहिल्यांदा चालू कर कारण रीमास्टरची आधीची अक्षरं त्या चित्रांना अजिबात शोभत नाहीत. संगीत मूळ ठेवायचं का नवीन हे निवडता येतं, मी नवीनच ठेवते, ते मन लावून केलंय. एन्काउंटर (चालताना अचानक येणाऱ्या लढाया) बंद करायचं बटण आहे त्याला हात लावू नको. आणि एक्सपी ० पासून ४ पटीपर्यंत बदलता येतो, बहुतेक लोक तो वाढवतात, पण अर्धासुद्धा करता येतो आणि ६ मध्ये नंतर नंतर पार्टी फार ताकदवान होते म्हणून मी अर्ध्यावर ठेवून खेळले, तेव्हा कुठे बॉस बॉससारखे वागले. ऑपेराचा प्रसंग येईल तेव्हा घाई करू नको, तिथे आता खरोखरचा गाणारा आवाज घातलाय, एवढंच सांगते. गेमबॉय अॅडव्हान्सच्या आवृत्तीत जास्तीची एक गुहा आणि काही बॉस होते ते यात नाहीत, पण ते मूळ गेममध्येही नव्हते.

रात्रपाळी

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

तळघरदादा, ८ वस्तूंची मर्यादा काय कुणी विचार करून, खेळाडूला धास्ती वाटावी म्हणून घातली असेल असं मला वाटत नाही, त्या कॅसेटमध्ये जागाच नव्हती. ड्रॅगन क्वेस्ट ३ आख्खा २५६ केबीत बसवलाय, आजचा एखादा साधा फोटो त्याहून मोठा असतो. जागा इतकी कमी पडली की जपानी आवृत्तीत सुरुवातीचा पडदा म्हणजे काळ्यावर नाव, बास, संगीतही नाही, इतक्या मोठ्या गेमला. पहिला ड्रॅगन क्वेस्ट तर ६४ केबीत, तिथे नायकाचं चित्र चारी बाजूंनी काढायला जागा नव्हती म्हणून तो कायम समोर तोंड करून खेकड्यासारखा चालायचा, आणि समोरच्याशी बोलायचं तर आधी बोला हे निवडायचं मग उत्तर दक्षिण पूर्व पश्चिम यातली दिशा निवडायची. जिना उतरायचा तर जिन्यावर उभं राहून मेनूतून जिना हा पर्याय निवडायचा. हेही त्या काळचं, हेही मूळ. हे परत आणा असं कुणी म्हणेल का? मी तर म्हणणार नाही.

मग कुठली मर्यादा पवित्र आणि कुठली नको हे ठरवणार कोण? ज्याला जे लहानपणी भेटलं ते त्याला मूळ वाटतं इतकंच दिसतंय मला. माझ्याकडे संध्याकाळी थोडासाच वेळ असतो, गेम आपोआप सेव्ह झाला नाही तर मी हे गेम खेळूच शकणार नाही, आणि लाइव्ह अ लाइव्हसारखा गेम तर १९९४ ला फक्त जपानमध्ये आला होता, बाकी जगाला तो अधिकृतपणे २०२२ च्या रिमेकमुळेच बघायला मिळाला. माझ्या दृष्टीने तोच मूळ.

तळघर

राग कशाचा, मुद्दा रास्त आहे.

जिन्याचा पर्याय परत आणा असं मीही म्हणणार नाही. पण जिन्याच्या पर्यायात खेळाडूला ठरवायचं काही नसतं, जिन्यावर उभा आहेस तर उतरणारच आहेस, मध्ये फक्त बटणं जास्त दाबावी लागतात. ८ वस्तूंच्या मर्यादेत ठरवावं लागतं. पाला का तलवार, आत्ता परत फिरू का अजून एक मजला उतरू. ती मर्यादा जागा कमी म्हणून आली असेल, मान्य, पण गुहा, राक्षसांची ताकद, पाल्याची किंमत हे सगळं त्या मर्यादेवर बेतून बनवलं होतं. ती काढलीस आणि बाकीचं तसंच ठेवलंस तर गुहा पोकळ होते. काढायचीच तर गुहाही नव्याने रचायला हवी. अर्धवट बदल हाच सगळ्यात वाईट.

आणि वेळेचं म्हणशील तर गेम मध्येच थांबवून नंतर तिथूनच सुरू करता आला पाहिजे याला माझी पूर्ण मान्यता आहे. ते वेगळं. हरल्यावर सगळं फुकटात परत मिळणं हे वेगळं. हे दोन्ही एकाच ऑटोसेव्हमध्ये गुंडाळतात ही माझी तक्रार.

पटावरचा

टॅक्टिक्सबद्दल कुणी बोललं नाही अजून, मी बोलतो.

मूळ १९९७, प्लेस्टेशन. नवीन आवृत्ती इव्हालिस क्रॉनिकल्स, ३० सप्टेंबर २०२५. आणि हा रिमेक बनायची गोष्टच विचित्र आहे, मूळ गेमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमच्या मूळ फायली) शिल्लकच नव्हता. त्या काळी गेम बाजारात गेला की पुढच्या भाषेच्या आवृत्तीसाठी त्याच फायलींवर लिहायचे, जपून ठेवायची पद्धत नव्हती. त्यामुळे बनवणाऱ्यांनी बाजारात आलेल्या आवृत्त्या समोर ठेवून, त्या खेळून, तपासून, गेम परत उभा केला. हे काम किती किचकट असेल विचार करा, एखाद्या वाराला किती टक्के शक्यता दाखवायची तिथपासून सगळं जुळायला हवं.

त्यांनी एकाच गेममध्ये दोन गेम दिलेत. एक क्लासिक, जवळपास १९९७ चाच, फक्त २००७ ला पीएसपी या हातातल्या कन्सोलवर आलेली सुधारलेली स्क्रिप्ट वापरलीये. दुसरा एन्हान्स्ड, त्यात सगळे संवाद कलाकारांच्या आवाजात, ऑटोसेव्ह, कुणाची पाळी कधी येणार त्याची पट्टी, आणि अवघडपणाच्या तीन पातळ्या. पीएसपीवर जी जास्तीची पात्रं आली होती ती दोन्हीत नाहीत, यावर लोक बरेच चिडलेत, मला चाललं.

मुद्द्याची गोष्ट म्हणजे मरण तसंच ठेवलंय. तुझा माणूस पडला की त्याच्या डोक्यावर ३ आकडा येतो, त्याची पाळी आली की २, मग १, मग शून्य, आणि नंतर त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी, तो कायमचा गेला. म्हणजे दूर कोपऱ्यात धनुर्धर पडलाय, आकडा २ वर आहे, समोर शत्रूचा सरदार जवळजवळ मेलाय, आता पुढच्या चालीत सरदाराला मारू का धनुर्धराकडे धावू. इतकी वर्षं तू ज्याला वाढवलंस, ज्याला नाव दिलंस, तो माणूस. हे काढलं असतं तर आवाज-बिवाज काहीही घातलं असतं तरी मी हात लावला नसता. तळघर जे म्हणतायत ना ठरवावं लागतं, ते हेच.

निळा_स्लाइम, एन्हान्स्ड घे आणि मधल्या पातळीवर सुरू कर. क्लासिक नंतर बघ. सेव्हच्या वेगवेगळ्या फायली ठेव, एकाच फायलीवर सेव्ह करत गेलास तर लागोपाठच्या लढायांमध्ये अडकायची जुनी परंपरा आहे, रिओव्हानेसचा किल्ला म्हटलं की टॅक्टिक्स खेळलेल्यांच्या पोटात अजून गोळा येतो. पुढचं बोलत नाही.

पौर्णिमा_अमावस्या

पर्सोना ३ माझा विषय, त्यामुळे लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

रीलोड फेब्रुवारी २०२४ ला आला आणि दिसायला, ऐकायला, मेनू फिरवायला इतका देखणा गेम मी क्वचित बघितलाय. कथा, पात्रं, कॅलेंडर, दर पौर्णिमेची मुदत, सगळं २००६ च्या गेममधलं, प्रसंग जवळजवळ ओळीला ओळ तसे. तरी मूळ खेळलेल्यांमध्ये अजून वाद चालू आहेत आणि त्याला कारण आहे.

पहिलं म्हणजे मूळ गेममध्ये साथीदार तुझ्या हुकमात नव्हते. तू फक्त धोरण सांगायचास, जोरात लढ, सांभाळून लढ, सगळ्यांना बरं कर, आणि पुढे ते त्यांच्या मनाने वागायचे. मित्सुरू ही साथीदार ऐन मोक्याच्या वेळी मारिन कारिन हा शत्रूला भुलवायचा मंत्र टाकत बसायची हे आठवून मूळ खेळलेले सगळे आजही दात-ओठ खातात. २००९ ला पीएसपीच्या आवृत्तीत थेट हुकूम द्यायची सोय आली, आणि रीलोडमध्येही ती आहे. बहुतेकांना हा सुधारच वाटतो. मला मात्र वाटतं की ती माणसं वेगळी आहेत, त्यांना स्वतःचं डोकं आहे, तू त्यांचा मालक नाहीस हे मूळ गेम लढाईतूनच सांगत होता, आणि या कथेला ते फार शोभत होतं. रीलोडमध्येसुद्धा धोरणावर सोडता येतं, सुरुवातीचे महिने तरी तसं खेळून बघ.

दुसरं, आणि हे मला जास्त लागलं, थकवा काढला. मूळ गेममध्ये टार्टारसच्या मनोऱ्यात फार वेळ राहिलं की पात्रं थकायची, थकलेला माणूस नीट लढायचा नाही, परत यावं लागायचं, आणि मग पुढची रात्र झोपून काढायची का अभ्यास करायचा का तसंच परत चढायचं. मनोरा अडीचशेहून जास्त मजल्यांचा आहे, तो एका रात्रीत चढायचा नसतोच, महिनाभर थोडा थोडा चढायचा. त्यामुळे दिवसाचं शाळेचं आयुष्य आणि रात्रीचा मनोरा एकमेकांत गुंतलेले असायचे, आज मित्राला भेटलो नाही कारण काल फार वर गेलो होतो. रीलोडमध्ये एसपी (जादू वापरायची शक्ती) पुरवता आला तर महिन्याचा सगळा भाग एकाच रात्रीत उरकता येतो आणि सगळे तसंच करतात, मग उरलेला महिना मनोऱ्याचं नावही काढायचं नाही. कॅलेंडर दिसायला तेच आहे पण त्याचा ताण सैल पडलाय.

शिवाय पीएसपीवर मुलगी म्हणून खेळायची जी वेगळी वाट होती ती यात नाही. मी ती दोनदा खेळायला घेतली असती. आणि २००७ च्या आवृत्तीतला पुढचा भाग मूळ गेमसोबत न देता सप्टेंबर २०२४ ला डीएलसी (वेगळी घ्यायची भर) म्हणून आला.

हे सगळं सांगूनही तू पहिल्यांदा खेळतोयस तर रीलोडच खेळ असंच म्हणेन, कारण त्या माणसांच्या मैत्रीवर, विशेषतः मुलग्यांसोबतच्या वेळेवर जे नवीन प्रसंग घातलेत ते मुळात नव्हते आणि ते फार सुंदर आहेत. फक्त मनोरा दर आठवड्याला थोडा थोडा चढ. एका रात्रीत उरकू नको. थिअर्जी नावाचे नवीन मोठे वार आहेत ते गेमला फार सोपं करतात, हार्डवर ठेवलंस तर बरोबर बसतं.

बशीतला_बेडूक

सुपर मारिओ आरपीजीचं थोडक्यात. १९९६ चा गेम, नोव्हेंबर २०२३ ला स्विचवर रिमेक, आर्टपियाझाने केलाय, हेच लोक ड्रॅगन क्वेस्टच्या जुन्या रिमेकवरही होते. नकाशे खोलीला खोली तसेच, पात्रं तशीच बुटकी जाडगेली, जी आजच्या पद्धतीने उंच-सडपातळ करायचा मोह कुणालाही झाला असता. संगीत मूळ संगीतकार शिमोमुरांनी स्वतः नव्याने बांधलंय आणि जुनं ऐकायचं तर मेनूतून बदलता येतं.

फरक लढाईत आहे, नेमक्या वेळेला बटण दाबलं तर आता वाराचा फटका बाकीच्या शत्रूंनाही बसतो, शिवाय तिघांचा मिळून एक मोठा वार आलाय. मुळात सोपा असलेला गेम अजून सोपा झाला. संपल्यावर बॉसशी परत लढता येतं ते मात्र खरंच अवघड आहेत.

पेपर मारिओचा २००४ चा जो गेम २०२४ ला परत आला तोही बघ, त्यात पाइपच्या वाटांमुळे मागे-पुढे चालत बसायचा त्रास गेला आणि ठरवण्यासारखं जे होतं ते सगळं शाबूत आहे. फक्त मूळ ६० एफपीएसला (सेकंदाला ६० चित्रं) चालायचा आणि रिमेक ३० ला चालतो, ज्या गेममध्ये वेळेवर बटण दाबायचं असतं तिथे हे मला खटकलं.

कॅसेटवाली

यादीत नाही पण या धाग्यावर विझर्ड्रीचं नाव यायलाच हवं. १९८१ चा पहिला भाग, डिजिटल एक्लिप्सने मे २०२४ ला नव्या रूपात पूर्ण केला, आणि त्यांनी काय केलंय माहितीये का, अॅपल २ चा मूळ कोडच खाली चालू ठेवलाय आणि त्याच्यावर नवीन चित्रं चढवलीत. कोपऱ्यात जुनी स्क्रीन उघडी ठेवता येते, वर तू त्रिमितीतल्या राक्षसाशी लढतोयस आणि कोपऱ्यात तीच लढाई जुन्या साध्या रेघांमध्ये चाललीये. मेलेल्याला जिवंत करायला गेलं आणि जमलं नाही तर राख, राखेतूनही जमलं नाही तर तो कायमचा संपला, हे सगळं तसंच. आणि कुठले नियम जुने ठेवायचे, कुठले सौम्य करायचे हे एकेक करून निवडता येतं. रात्रपाळी, कोण ठरवणार म्हणालात ना, इथे खेळणारा ठरवतो, आणि कुठल्या नियमाने काय बदलतं हे समोर दिसतं. मला हीच पद्धत सगळ्यात आवडली.

२०२५ चा ऑब्लिव्हियन रीमास्टर्डपण साधारण याच वाटेने गेलाय, आत मूळ इंजिन (गेम चालवणारा प्रोग्रॅम) आणि वरून अनरियल ५ या नव्या इंजिनचं चित्र. पात्रांचं ते विचित्र बोलणं, मध्येच तोंड फिरवणं, सगळं शिल्लक राहिलं कारण आतला मेंदू तोच आहे. लेव्हल वाढायची पद्धत तेवढी बदलली, आणि ती बदलायला हवीच होती, मूळ गेममध्ये चुकीची कौशल्यं मुख्य म्हणून निवडली तर लेव्हल वाढेल तसं पात्र उलट दुबळं पडत जायचं.

रात्रपाळी

विझर्ड्रीचं हे मला माहीत नव्हतं, एकेक नियम निवडता येतो हे मस्तच. थकव्याचंही पटलं, पौर्णिमाताईंनी सांगितलं तसं रीलोड मी एका रात्रीत उरकतच खेळलो होतो, आता परत सुरू करणार आहे. ८ वस्तूंवर मात्र मी अजून ठाम आहे, मला पिशवी हवीच.

निळा_स्लाइम

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ६ ने सुरुवात करतोय, एक्सपी अर्धा, जुनी अक्षरं, एन्काउंटर चालू. मग टॅक्टिक्स.

एक शेवटचं विचारतो, ड्रॅगन क्वेस्ट १ आणि २ चा एचडी-२डी रिमेकपण आलाय ऑक्टोबर २०२५ ला, ३ ची कथा जिथे जाते त्यानंतर मला ते खेळायचेच आहेत. तेही ३ इतकेच मूळ धरून आहेत का?

तळघर

नाहीत, ते बरेच बदललेत. मूळ १ मध्ये तू एकटा आणि समोर कायम एकच शत्रू, अख्खा गेम म्हणजे एकास एक. रिमेकमध्ये तू अजूनही एकटाच आहेस पण समोर घोळका येतो, त्यामुळे नायकाला कितीतरी नवे वार आणि मंत्र द्यावे लागले. २ मध्ये तिघांच्या पार्टीत कॅनॉकची राजकन्या चौथी म्हणून आलीये आणि समुद्राखालीही जाता येतं. मी वर म्हटलं ना, बदलायचं तर आजूबाजूचं सगळं नव्याने रचा, इथे त्यांनी तेच केलंय, म्हणून मला हे दोन आवडले. पण हे खेळून मूळ १ कसा होता हे कळणार नाही.

ते हवं असेल तर स्विचवर २०१९ ला आलेले १ आणि २ चे पोर्ट (दुसऱ्या यंत्रासाठी बसवलेल्या आवृत्त्या) बघ, मोबाइलवरच्या आवृत्तीवरून केलेत, चित्रं काही खास नाहीत, पण लढाई एकास एक आहे आणि १ लहानसा गेम आहे, पटकन होतो. आधी तो पोर्ट खेळ, मग एचडी-२डी घे. २ चा पोर्ट घेतलास तर रोन या प्रदेशाला जाणाऱ्या गुहेच्या आधी लेव्हल नीट वाढव, आणि अडकलास तर याच धाग्यावर विचार, तिथला नकाशा मला पाठ आहे.